राजधानीची भाषा आणि खाडीकाठची बोली : लुगांडा व आगरी यांचा तौलनिक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

शहराचा इतिहास लिहिताना रेल्वे, औद्योगिक वसाहती, नगरपालिका, पाणीपुरवठा आणि लोकसंख्या यांची नोंद सामान्यतः केली जाते. परंतु ज्या भूमीवर ते शहर वाढले त्या भूमीवर आधीपासून बोलल्या जाणाऱ्या भाषेचे पुढे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न दोन ठिकाणांच्या संदर्भात विचारात घेतला आहे. पहिले ठिकाण पूर्व आफ्रिकेतील युगांडाची राजधानी कंपाला आणि तेथील लुगांडा ही भाषा. दुसरे ठिकाण ठाणे व कल्याण-डोंबिवली हा शहरी पट्टा आणि तेथील आगरी ही बोली.

ही तुलना विषम आहे याची जाणीव प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे. लुगांडा ही बांटू भाषाकुलातील स्वतंत्र भाषा असून तिच्यामागे शतकानुशतकांची राजसत्ता उभी होती. आगरी ही मराठीचीच एक बोली असून ती शेतकरी, मिठागरी आणि मच्छीमार समाजाची बोली आहे. तरीही दोन्हींच्या परिस्थितीत एक महत्त्वाचे साम्य आहे. दोन्ही भाषांची भूमी सुमारे शंभर ते सव्वाशे वर्षांत मोठ्या शहरांनी व्यापली आणि दोन्ही ठिकाणी बाहेरून आलेल्यांची संख्या फार मोठी झाली. २०१४ च्या जनगणनेनुसार कंपालाची लोकसंख्या सुमारे १५ लाख होती. २०११ च्या जनगणनेनुसार कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे १२ लाख ४७ हजार, तर ठाणे महानगरपालिकेची १८ लाख ४१ हजारांहून अधिक होती. कंपालात आलेला नवखा मनुष्य काही महिन्यांत बाजारापुरती का होईना लुगांडा शिकतो. डोंबिवलीत तीस-चाळीस वर्षे राहिलेल्या मनुष्याला मात्र आगरीतील चार वाक्येही येत नाहीत. किंबहुना आपण आगरी भूमीवर राहतो याचीही त्याला अनेकदा कल्पना नसते. हा फरक का पडला, याचा ऐतिहासिक शोध घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

लुगांडा : घडण आणि भाषक

व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तर व वायव्य काठावर बुगांडा हे राज्य वसलेले आहे. बांटू भाषांमध्ये शब्दाच्या आरंभी येणारा उपसर्ग अर्थ ठरवितो. त्यानुसार देश तो बुगांडा, तेथील एक व्यक्ती ती मुगांडा, अनेक व्यक्ती त्या बागांडा, त्यांची भाषा ती लुगांडा आणि त्यांची रीत ती किगांडा. मराठीत लिंग तीन. लुगांडात नामांचे वर्ग अनेक असून वर्गानुसार विशेषण व क्रियापद यांनाही उपसर्ग लागतात. परभाषेतील शब्दसुद्धा या चौकटीत बसविले जातात. मराठी वाचकाला परिचित असलेला अरबी 'किताब' हा शब्द स्वाहिलीच्या मार्गाने लुगांडात 'एकिताबो' असा आला. त्यातील 'कि' हा उपसर्गच आहे असे मानले गेले आणि अनेकवचन 'एबिताबो' असे तयार झाले. उसना शब्द घरचा कसा होतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

लुगांडातील दैनंदिन व्यवहार अभिवादनाने सुरू होतो. सकाळी भेटणाऱ्यास रात्र कशी गेली हे विचारण्यासाठी 'वासुझे ओत्या' असे म्हटले जाते आणि दुपारनंतर दिवस कसा गेला हे विचारण्यासाठी 'ओसिइब्ये ओत्या' असे म्हटले जाते. काम करीत असलेल्या माणसाजवळून जाताना त्याच्या कष्टाची दखल घेणारे 'ग्येबाले को' हे वेगळे अभिवादन आहे. पुरुषास 'स्सेबो' आणि स्त्रीस 'न्न्याबो' असे आदराने संबोधले जाते. बागांडा समाज सुमारे पन्नास कुळांमध्ये विभागलेला असून प्रत्येक कुळाचे देवक असते. आपल्याकडील देवकाप्रमाणेच ते पूज्य मानले जाते, देवक असलेला प्राणी त्या कुळात खाल्ला जात नाही आणि एकाच कुळात विवाह होत नाही. व्यक्तीच्या नावावरून तिचे कूळ ओळखता येते. २०१४ च्या जनगणनेनुसार बागांडांची संख्या सुमारे ५५ लाख, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या साडेसोळा टक्क्यांच्या आसपास होती. मात्र बागांडा नसलेले, परंतु दुसरी भाषा म्हणून लुगांडा वापरणारे लोक मोठ्या संख्येने आहेत आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहेत.

वाचक, छापखाना आणि जमीन

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लुगांडा ही मौखिक भाषा होती. किनाऱ्यावरून आलेल्या अरब व स्वाहिली व्यापाऱ्यांमुळे काबाकाच्या, म्हणजे राजाच्या, दरबारात अरबी लिपी आणि स्वाहिली भाषा यांचा परिचय झाला होता. १८६२ मध्ये स्पीक आणि १८७५ मध्ये स्टॅन्ली हे युरोपीय प्रवासी राजा मुतेसा याच्या दरबारी पोहोचले. १८७७ मध्ये प्रॉटेस्टंट आणि १८७९ मध्ये कॅथॉलिक मिशनरी आले. अलेक्झांडर मॅके या मिशनऱ्याने छापखाना चालविला. जॉर्ज पिल्किंग्टन याने हेन्री राइट दुता या मुगांडा सहकाऱ्याच्या साहाय्याने बायबलचे भाषांतर केले आणि १८९६ मध्ये संपूर्ण बायबल लुगांडात उपलब्ध झाले. लुगांडात 'ओकुसोमा' या क्रियापदाचा अर्थ वाचणे. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना 'आबासोमी', म्हणजे वाचक, असेच म्हटले जाई. धर्मांतर आणि साक्षरता या दोन घटना एकाच शब्दाने दर्शविल्या गेल्या, ही बाब लक्षणीय आहे.

हे लेखन केवळ धार्मिक राहिले नाही. बुगांडाचा कातिकिरो, म्हणजे पंतप्रधान, आपोलो काग्वा याने १९०१ मध्ये बुगांडाच्या राजांचा इतिहास लुगांडात प्रसिद्ध केला. मिशनांची नियतकालिके निघाली. त्यांपैकी १९०७ चे 'एबिफा मु बुगांडा' आणि १९११ चे 'मुन्नो' ही विशेष उल्लेखनीय आहेत. राजसभेचे कामकाज आणि राज्याचा कारभार लुगांडात चालत असे. १९४७ मध्ये शुद्धलेखनाचे प्रमाणीकरण झाले. दीर्घ स्वर आणि द्वित्त व्यंजने दुहेरी अक्षरांनी लिहिण्याची पद्धत निश्चित झाली.

भाषेला मिळालेला दुसरा आधार जमिनीचा होता. १९०० मध्ये ब्रिटिश शासन आणि बुगांडा यांच्यात करार झाला. त्यानुसार राजघराणे व सरदार यांच्यासाठी चौरस मैलांच्या मापाने जमिनी वाटण्यात आल्या. सरदार व खाजगी मालक यांच्यासाठी ८,००० चौरस मैलांचा वाटा ठरला. 'माइल' या इंग्रजी शब्दावरूनच या जमीनधारणेस 'मैलो' हे नाव पडले. या वाटपाने सामान्य शेतकरी एका फटक्यात कूळ झाला आणि १९२८ मध्ये खंडावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. त्यामुळे मैलो पद्धतीस आदर्श मानण्याचे कारण नाही. परंतु तिचा एक परिणाम भाषेच्या दृष्टीने दूरगामी ठरला. कंपालाच्या भोवतालची जमीन फार मोठ्या प्रमाणावर लुगांडा बोलणाऱ्यांच्या नावावर राहिली. भाड्याने जागा घेणारा, छोटा भूखंड विकत घेणारा किंवा कूळ म्हणून राहणारा परका मनुष्य ज्याच्या दारी जाई तो मालक लुगांडा बोलणारा असे.

वर्चस्वाची दुसरी बाजू

लुगांडाचा हा विस्तार सर्वांनाच सुखाचा झाला असे मात्र नाही. ब्रिटिशांनी आसपासच्या प्रदेशांत प्रशासनासाठी बागांडा सरदारांचा उपयोग केला. सेमेई काकुंगुलू याच्यासारख्या सरदारांनी पूर्वेकडील प्रदेश ताब्यात आणले आणि तेथे लुगांडा ही चर्चची व कचेरीची भाषा बनली. बुन्योरो प्रदेशात या वर्चस्वाविरुद्ध १९०७ मध्ये 'न्यांगिरे' नावाचे आंदोलन झाले; बागांडा सरदार आम्हास नकोत, हा त्याचा आशय होता. सरोवरातील सेसे बेटांवरील मच्छीमारांची स्वतंत्र बोली लुगांडाच्या छायेत मागे पडली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी निद्रारोगाच्या साथीमुळे ती बेटे रिकामी करण्यात आली, त्यानेही या प्रक्रियेस हातभार लावला. दरबाराची भाषा टिकली, बेटांवरची बोली टिकली नाही. लुगांडाच्या यशाची ही किंमत विसरता येत नाही.

विशेष म्हणजे लुगांडालाही वरून आव्हान आले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश शासनाने स्वाहिलीला शिक्षण व प्रशासनाची भाषा करण्याचा प्रयत्न केला. काबाका दाउदी च्वा आणि मिशनचे धर्माधिकारी या दोहोंनी त्यास विरोध केला. स्वतःची भाषा दुसऱ्यांवर लादली जात असताना मौन राहिलेला वर्ग आपल्यावर परकी भाषा येताच जागा झाला, असे या प्रसंगाचे वर्णन करावे लागेल.

राज्य गेले, भाषा राहिली

९ ऑक्टोबर १९६२ रोजी युगांडा स्वतंत्र झाला. काबाका मुतेसा दुसरा हा १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला; परंतु पंतप्रधान ओबोटे यांच्याशी त्याचा संघर्ष होऊन मे १९६६ मध्ये लष्कराने राजवाड्यावर हल्ला केला आणि काबाकाला देश सोडावा लागला. १९६७ च्या राज्यघटनेने सर्व राज्ये नष्ट केली. सव्वीस वर्षांनंतर, १९९३ मध्ये, बुगांडाचे राज्य सांस्कृतिक संस्था म्हणून पुन्हा स्थापन झाले. मधल्या काळात राजसभा नव्हती, राजाश्रय नव्हता. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी होती. तरीही लुगांडा टिकली. बाजारात, चर्चमध्ये, टॅक्सी म्हणून धावणाऱ्या छोट्या प्रवासी गाड्यांमध्ये ती चालू राहिली. आजही अशा गाडीत उतरण्याची जागा सांगताना प्रवासी 'मु मासो आवो', म्हणजे 'त्या तिथे पुढे', असे म्हणतो; तो प्रवासी मुगांडा असेलच असे नाही.

१९९४ मध्ये 'बुकेद्दे' हे लुगांडा दैनिक सुरू झाले आणि त्याने मोठा वाचकवर्ग मिळविला. १९९६ मध्ये बुगांडा राज्याशी संबंधित सीबीएस हे नभोवाणी केंद्र सुरू झाले. सप्टेंबर २००९ मध्ये काबाकाच्या कायुंगा भेटीवरून दंगली झाल्या तेव्हा शासनाने हे केंद्र बंद केले. ते ऑक्टोबर २०१० मध्ये पुन्हा सुरू झाले. भाषेतील प्रक्षेपणाची शासनाला भीती वाटावी, हे त्या भाषेच्या सामाजिक सामर्थ्याचेच द्योतक आहे. मात्र लुगांडाला राष्ट्रीय राजभाषेचा दर्जा मिळालेला नाही. इंग्रजी ही राजभाषा असून २००५ च्या घटनादुरुस्तीने स्वाहिलीला दुसऱ्या राजभाषेचे स्थान देण्यात आले. २००७ पासून प्राथमिकच्या पहिल्या तीन इयत्तांत स्थानिक भाषेतून शिक्षणाचे धोरण स्वीकारले गेले. परंतु शहरातील अनेक शाळा इंग्रजीतूनच शिकवितात. म्हणजे कंपालातही वर्गाची भाषा आणि बाजाराची भाषा वेगळी आहे.

एका शब्दाचा प्रवास

पश्चिम भारत आणि पूर्व आफ्रिका यांचा संबंध प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत कल्याण बंदराचा उल्लेख आहे आणि त्याच ग्रंथात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील व्यापारी ठिकाणांचेही वर्णन आहे. आधुनिक काळात हा संबंध रेल्वेने दृढ केला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी रेल्वे धावली आणि १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत पोहोचली. त्यानंतर सुमारे चार दशकांनी, १८९६ मध्ये, मोंबासाहून युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले. त्यासाठी मुख्यतः पंजाबातून सुमारे ३२ हजार करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे अडीच हजार मृत्युमुखी पडले. १९०१ मध्ये लोहमार्ग सरोवरापर्यंत आणि १९३१ मध्ये कंपालापर्यंत पोहोचला.

रेल्वे, व्यापारी आणि दुकानदार यांच्यासमवेत आपल्याकडील शब्दही तेथे गेले. 'दुकान' हा शब्द स्वाहिलीत 'दुका' आणि लुगांडात 'एद्दूका' झाला. 'गाडी' हा शब्द स्वाहिलीत 'गारी' झाला. लुगांडाच्या उच्चारनियमानुसार 'इ' आणि 'ए' या स्वरांनंतर 'र', अन्यत्र 'ल' येतो. म्हणून तेथे त्याचे 'एग्गाली' असे रूप झाले. हा शब्द सायकलसाठी वापरला जातो आणि आगगाडीस 'एग्गाली योमुक्का', म्हणजे धुराची गाडी, असे म्हणतात. इकडे त्याच 'गाडी'चे ठाण्याच्या खाडीकाठी आगरी बोलीत 'गारी' असे रूप आहे, कारण आगरीत दोन स्वरांमधील 'ड'चा 'र' होतो. परस्परांशी संबंध नसताना मोंबासा आणि डोंबिवली येथे एकाच शब्दाचा एकच उच्चार झाला. पूर्व आफ्रिकेत या उच्चाराला भाषेचा नियम मानले गेले. आपल्याकडे त्यास अशुद्ध उच्चार म्हटले गेले.

भारतीय व्यापाऱ्यांचे तेथील स्थान मात्र संघर्षमुक्त नव्हते. कापसाची खरेदी आणि सरकी काढण्याचे कारखाने यांवर भारतीयांचे वर्चस्व होते आणि १९४९ च्या बुगांडातील दंगलींमागे तेही एक कारण होते. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीन याने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा आदेश दिला. दुकानाच्या फळीमागे उभे राहून व्यवहारापुरती लुगांडा बोलणे आणि त्या भाषेच्या समाजात मिसळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्या घटनेचा एक धडा आहे.

खाडीकाठची बोली

ठाणे, कल्याण, भिवंडी, पनवेल, उरण आणि अलिबाग या पट्ट्यात आगरी समाज पूर्वापार वसलेला आहे. 'आगर' या शब्दावरून समाजाचे नाव पडले. मिठागरे, भातशेती आणि खाडीतील मासेमारी हे त्याचे पारंपरिक व्यवसाय. खाडीच्या पाण्याखालील खाजण बांध घालून शेतीखाली आणणे हे या समाजाचे मोठे ऐतिहासिक कार्य होय. खाजण, खार, बांध, उघाडी हे शब्द त्या श्रमातून आले आहेत. आज ठाण्यातील खारेगाव, कळवा, दिवा, डोंबिवलीजवळील आयरे, भोपर, मानपाडा, कल्याणजवळील नेतिवली, तिसगाव ही नावे रेल्वेस्थानके, बसथांबे आणि गृहसंकुले यांची नावे म्हणून परिचित आहेत; ती गावांची नावे होती हे विस्मरणात गेले आहे.

आगरीची काही वैशिष्ट्ये सहज ध्यानात येतात. 'ळ'च्या जागी 'ल' आणि 'ण'च्या जागी 'न' येतो, म्हणून 'काळा'चे 'काला' आणि 'पाणी'चे 'पानी' होते. 'घोडा' हा 'घोरा' होतो. 'मला' याऐवजी 'मना' म्हटले जाते. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ मध्ये, कोकणातील मराठीच्या बोलींमध्ये आगरीची नोंद झाली आहे. तथापि जनगणनेत आगरी बोलणारे मराठीभाषक म्हणूनच मोजले जातात. ते योग्यही आहे, परंतु त्यामुळे बोली वाढली की घटली हे आकडेवारीवरून कधीही समजत नाही. ज्याची गणनाच होत नाही त्याची हानीही नोंदली जात नाही.

या बोलीला वाङ्मय नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. आगरी विवाहात धवलारीण ही स्त्री विधी चालविते आणि प्रत्येक विधीचे धवले गाते. मराठीच्या आद्य कवयित्री महदंबा यांचे तेराव्या शतकातील धवळे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात शिकविले जातात. तोच प्रकार खाडीकाठी आजवर जिवंत आहे. फरक इतकाच की तेथे 'ळ'चा 'ल' झाला. बुगांडात राजांचा इतिहास आणि कुळांच्या कथा लिहिल्या गेल्या व छापल्या गेल्या. धवलारणींचे भांडार मात्र प्रामुख्याने स्मरणातच राहिले आणि एकेका वृद्ध स्त्रीबरोबर कमी होत गेले.

जमीन, शहर आणि बोली

आगरी समाजाच्या आधुनिक इतिहासाचा केंद्रबिंदू जमीन हाच आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा दीर्घ संप झाला. या लढ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठिंबा होता. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी कसणाऱ्यास मालकी मिळवून दिली. परंतु मालकीचा हा काळ अल्प ठरला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. युद्धकाळातच नेवाळी परिसरातील शेतजमीन धावपट्टीसाठी घेण्यात आली होती. तिचा वाद जून २०१७ मध्ये उग्र आंदोलनाच्या रूपाने पुन्हा समोर आला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईसाठी ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील जमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्युमुखी पडले आणि पुढे विकसित भूखंडाच्या साडेबारा टक्क्यांचे तत्त्व मान्य झाले. १९८२ मध्ये ठाणे आणि १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आली. कल्याण-डोंबिवलीभोवतालची २७ गावे २००२ मध्ये महानगरपालिकेतून वगळली गेली व २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. या सर्व घडामोडींत गावांच्या सीमा, मोबदला आणि कर यांची चर्चा झाली. बोलीची चर्चा कोठेही झाली नाही.

यातील फरक महत्त्वाचा आहे. कंपालात जमीनमालक आणि भाडेकरू यांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला आणि त्या संबंधाची भाषा लुगांडा राहिली. आपल्याकडे जमीन एकदा संपादित झाली किंवा विकली गेली की संबंध संपला. सदनिका घेणाऱ्याचा व्यवहार बांधकाम व्यावसायिकाशी झाला. मूळ मालकाशी त्याची भेटही झाली नाही. नव्या रहिवाशाला आगरी शिकण्याची गरज कोणत्याही टप्प्यावर पडली नाही.

दुसरा फरक प्रमाणभाषेचा आहे. बुगांडात मिशनऱ्यांनी ज्या भूमीवर छापखाना उभारला तेथील दरबाराचीच बोली प्रमाण झाली. पश्चिम भारतात मोल्सवर्थ यांचा १८३१ चा कोश आणि दादोबा पांडुरंग यांचे १८३६ चे व्याकरण यांच्या काळापासून जी प्रमाण मराठी घडली, तिचा पाया शिष्टवर्गाच्या भाषेत होता. या प्रमाणभाषेने मराठी समाजाला मोठे ज्ञानभांडार दिले, हे निर्विवाद. चरीच्या लढ्यातून पुढे आलेल्या नेतृत्वानेही आपले वृत्तपत्र आणि भाषणे यांसाठी हीच भाषा वापरली, कारण शासनाशी आणि उर्वरित महाराष्ट्राशी बोलण्याचा तोच मार्ग होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा यजमानपद आगरी यूथ फोरम या संस्थेकडे होते. आगरी समाजाने मराठीचा उत्सव आपल्या भूमीवर आपल्या खर्चाने व श्रमाने साजरा केला. मराठीने आगरीसाठी काय केले, हा प्रश्न त्या निमित्ताने विचारता आला असता.

कल्याण-डोंबिवली परिसरात अध्यापन करताना प्रस्तुत लेखकास एक गोष्ट वारंवार दिसते. जिन्यात परस्परांशी आगरीत बोलणारे विद्यार्थी शिक्षक समोर येताच प्रमाण मराठीत बोलू लागतात, किंवा गप्प होतात. एका विद्यार्थ्याने आजीकडून जमविलेली भाताच्या जातींची आणि खाडीतील माशांची नावे प्रकल्पात लिहिताना 'शुद्ध' करून लिहिली होती. त्यामुळे त्यातील कित्येक नावे आजीलाही ओळखता आली नसती. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते. शाळेतील बारा-पंधरा वर्षांत तो हे आपोआप शिकला होता. लग्नसमारंभात आणि ध्वनिवर्धकावर आगरी-कोळी गीतांना उदंड मागणी आहे, नाटक-चित्रपटांत विनोदासाठी या बोलीचा वापर होतो. परंतु ज्या भाषेत हसता-नाचता येते त्या भाषेत उत्तरपत्रिका, अर्ज किंवा व्याख्यान असू शकत नाही, ही समजूत तरुण पिढीत पक्की झाली आहे.

तुलनेतून निघणारे मुद्दे

वरील विवेचनावरून पुढील मुद्दे स्पष्ट होतात. पहिला, शहरात एखादी भाषा टिकण्यास तिचे प्राचीनत्व किंवा भाषकांची संख्या पुरेशी ठरत नाही. नवख्या मनुष्याला तिची दैनंदिन गरज भासावी लागते. लुगांडाला ही गरज जमीन, बाजार आणि प्रवास यांनी मिळवून दिली. दुसरा, राजसत्ता गेल्यानंतरही छापील शब्द भाषेला तारतो. १९६७ नंतर लुगांडा टिकली यामागे सत्तर वर्षांचे लेखन आणि वाचनाची सवय होती. तिसरा, वरच्या भाषेचे यश खालच्या बोलीच्या अस्तावर उभे राहू शकते. सेसे बेटांवरील बोलीचे लुगांडाशी जे नाते होते, तेच आगरीचे प्रमाण मराठीशी आहे. म्हणून आगरीच्या अभ्यासकाने लुगांडाकडे केवळ अनुकरणीय आदर्श म्हणून पाहणे योग्य नाही. तिच्या इतिहासात आपले दोन्ही चेहरे दिसतात. इंग्रजीपुढे चिंतित असलेली मराठी आणि मराठीपुढे मूक झालेली आगरी यांचे नाते त्यातून समजून घेता येते.

निष्कर्ष

आगरीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता द्यावी, असा या लेखाचा आग्रह नाही. ती मराठी आहे आणि मराठीच्या श्रीमंतीचा भाग आहे. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि राज्यातील बोलींकडे अभ्यासकांचे लक्ष पुन्हा वेधले गेले. अलीकडे आगरीतून कविता-कथा लिहिणारे तरुणही पुढे येत आहेत. या प्रयत्नांना स्थानिक महाविद्यालयांनी जोड देणे शक्य आहे. धवलारणींच्या धवल्यांचे ध्वनिमुद्रण करणे, गावोगावच्या शेती, मीठ आणि मासे यांच्या शब्दांची जशीच्या तशा उच्चारात नोंद करणे, इतिहास व मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना असे प्रकल्प देणे, ही कामे मोठ्या निधीवाचूनही होऊ शकतात. त्यासाठी शिक्षकाने एक अट पाळावी लागेल. विद्यार्थ्याने 'पानी' असे लिहून आणले तर त्याखाली तांबडी रेघ ओढू नये.

पिल्किंग्टन आणि दुता यांनी एका भाषेसाठी जे केले त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. त्यांच्यासमोर ती भाषा बोलणारे राज्य होते. आपल्यासमोर काही वृद्ध स्त्रिया आणि वर्गाच्या दारात गप्प होणारे काही विद्यार्थी आहेत. त्या स्त्रिया आहेत तोवरच हे काम होऊ शकते, आणि ते काम त्या विद्यार्थ्यांइतके चांगले दुसरे कोणीही करू शकणार नाही.